जोडीचे मार्क

माझ्या मुलीच्या तिसरीच्या वर्गाच्या सिस्टर या मला आजवर भेटलेल्या सर्वांत अन्यायी परीक्षक होत्या, आणि त्यांच्याइतका जीव मुलांनी दुसऱ्या कुणाला लावल्याचं माझ्या पाहण्यात नाही. पहिलं विधान मी आकड्यांनी सिद्ध करून दाखवू शकतो. दुसरं मोजायला माझ्याकडे हत्यार नाही. मी सातपूरच्या एका कारखान्यात तपासणी विभागात काम करतो. यंत्रावरून उतरलेला भाग मापात आहे का, एवढंच बघायचं. असला तर पुढे जातो, नसला तर लाल पेटीत. केसाएवढा फरक हाही आमच्याकडे फरकच असतो. त्यामुळे घरीही माझी मापं काढायची सवय जात नाही, असं बायको म्हणते. अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीला नेमक्या या सिस्टर मिळाव्यात, याला मी योगायोग म्हणतो. सिस्टर त्याला देवाची करणी म्हणत.

शाळा कॅथलिक मिशनची, जुनी, दगडी. वर्गात ख्रिस्ती मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाकी कॉलेज रोडच्या डॉक्टरांची, आमच्यासारख्या कारखान्यातल्यांची, रिक्षावाल्यांची, कॉलनीतल्या बौद्ध कुटुंबांची आणि मखमलाबाद, गंगापूरकडच्या भाजी-फुलं पिकवणाऱ्या शेतकऱ्यांची. सकाळची प्रार्थना सगळे मिळून म्हणत, हात मात्र ज्याच्या त्याच्या घरच्या पद्धतीने जोडत. आमची ऋचा सकाळी शाळेत इंग्रजी प्रार्थना म्हणे आणि संध्याकाळी आजीजवळ शुभंकरोती. दोन्हीकडे मागणी एकच असे, पाढ्यांची परीक्षा रद्द होऊ दे. ती कधीच मान्य झाली नाही.

सिस्टर बुटक्या, रुंद, करड्या झग्यातल्या. डोक्यावरचं पांढरं वस्त्र नेहमी एका बाजूला सरकलेलं. झग्याला एक खिसा होता. त्याला खिसा म्हणणं म्हणजे गोदामाला कपाट म्हणण्यासारखं आहे. शिट्टी, खडू, सुईदोरा, निरनिराळ्या रंगांची बटणं, जप्त केलेले भोवरे, लिमलेटच्या गोळ्या आणि एकदा तर एक जिवंत कासवाचं पिल्लू त्यातून निघालेलं मी स्वतः पाहिलं आहे. सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी त्या रांगांमधून फिरत आणि ज्याचं बटण तुटलंय त्याला उभ्या उभ्या शिवून देत. पोरगं डोळे मिटून प्रार्थना म्हणतंय, सिस्टरही म्हणताहेत, आणि दोघांच्या मध्ये सुई चाललीय. एकदा एका पालकांनी विचारलं, प्रार्थनेत हे बरं दिसतं का? सिस्टर म्हणाल्या, "आवं, उघड्या छातीनं देवापुढं उभं ऱ्हायचं का त्यानं?"

मुलांशी त्या स्वच्छ इंग्रजी बोलत, आणि पालकांशी आपल्या नगर जिल्ह्यातल्या गावची मराठी. समोरचा डॉक्टर असो की टेम्पोवाला, भाषा तीच. ऋचाच्या आईने एकदा भीत भीत विचारलं, "सिस्टर, तुम्ही स्वतःची प्रार्थना कुठल्या भाषेत करता?" त्या म्हणाल्या, "आभार मानायचे आसले तर इंग्रजी. रडायचं आसलं तर आपली गावाकडची. मला इंग्रजीत रडू येत नाय."

नाताळात वर्गाच्या कोपऱ्यात त्या गव्हाण मांडत. बाळ येशू, मरिया, योसेफ शाळेचे, आणि जनावरं मुलांनी घरून आणायची. आता तिसरीतल्या मुलांच्या घरी जी जनावरं असतात तीच येणार. त्यामुळे गाय, गाढव आणि मेंढ्यांच्या मागे दोन वाघ, एक पांडा, प्लास्टिकचा हिरवा डायनासोर आणि एक पिवळा जेसीबी उभा असे. एका वर्षी शाळा बघायला आलेल्या फादरांनी डायनासोरकडे बोट दाखवलं तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "लय लांबून आलाय, फादर. मागं कसा धाडू?" फादर हसले. जेसीबीचा विषय त्यांनी काढलाच नाही.

पण हे सगळं वरवरचं. सिस्टरांचा खरा संसार, हा शब्द संन्यासिनीला चालतो की नाही मला ठाऊक नाही, जोडीवर उभा होता. "दुनियेत एकट्यानं करायजोगं एकच काम हाय, नाक शिंकरायचं. बाकी समद्याला दुसरा लागतो," हे त्यांचं मत. जूनमध्ये पहिला आठवडाभर त्या कुणाला काही शिकवत नसत. मधल्या सुट्टीत नळापाशी उभ्या राहून मुलं कशी ढकलाढकली करतात एवढंच बघत. मग एका सकाळी जोड्या जाहीर होत. उंचीवर नाही, हजेरी क्रमांकावर नाही, हुशारीवर तर नाहीच. लग्नं जुळवणाऱ्यांना पत्रिका तरी लागते; सिस्टरांना नळ पुरायचा. ती जोडी वर्षभर मोडायची नाही. बाकावर जोडीने, पाणी प्यायला जोडीने, लघवीला जोडीने, शिक्षा जोडीने. एकाने गृहपाठ केला नाही तर दोघे थांबणार. एकदा झोक्यावरून पडून एका मुलाचं कपाळ फुटलं, तर दवाखान्यातही जोडीदार बरोबर. तो असा काही भोकाड पसरून रडला, की डॉक्टरांनी आधी त्यालाच टेबलावर घेतलं असं सांगतात. मी तिथे नव्हतो, म्हणून खात्री देत नाही.

आईबापांचीही सुटका नव्हती. पालकसभेला आपल्या मुलाच्या बाकावर, त्याच्याच जागेवर बसायचं, आणि शेजारी जोडीदाराचे आईवडील. सिस्टर प्रगती सांगायच्या आधी एक प्रश्न विचारत, "तुमच्या लेकरासंगं बसतं त्याचं नाव काय? त्याला काय आवडतं?" उत्तर आलं नाही, तर "बरं, पुढच्या शनिवारी या." एक हॉटेलवाले गृहस्थ बाकात बसले ते बसलेच, निघता येईना. त्यांना ओढून काढलं ते शेजारी बसलेल्या गवंड्याने. तेव्हापासून दोघांची अशी गट्टी जमली, की हॉटेलचा वरचा मजला त्याच गवंड्याने बांधला. सिस्टर यालाही अभ्यासक्रमाचा भाग समजत.

ऋचाची जोडी लागली पायलशी. पायल मखमलाबादकडच्या फुलशेतीवाल्यांची मुलगी. बारीक, मोठ्या डोळ्यांची, फार कमी बोलणारी, आणि अंगाला कायम झेंडूचा वास. पहिली दोन वर्षं ती गावच्या शाळेत होती, इंग्रजी तिला नवं होतं आणि पाढे तर तिच्या हातून माशासारखे निसटत. ऋचाला पाढे येत. मीच घेतलेले होते, येणारच.

इथपर्यंत माझी काही तक्रार नव्हती. तक्रार सुरू झाली शुक्रवारच्या परीक्षेपासून. दर शुक्रवारी दहा प्रश्न, दहा मार्क. वर्गाच्या दाराबाहेर एक लहान काळा फळा होता. दुपारी शाळा सुटताना त्यावर जोड्यांची नावं येत आणि प्रत्येक जोडीपुढे एकच आकडा. हा आकडा दोघांची बेरीज नव्हे, सरासरी नव्हे. दोघांत ज्याचे कमी, तेच दोघांचे. पहिल्या शुक्रवारी मी ऋचाला आणायला गेलो आणि फळ्यावर वाचलं: ऋचा-पायल, दोन. दहापैकी दोन. माझ्या मुलीला. मी तसाच वर्गात गेलो.

"सिस्टर, ऋचाचे दहाच्या दहा बरोबर आहेत ना?"

"व्हय. म्याच तपासले. आक्षर बी चांगलंय."

"मग बाहेर दोन?"

"जोडीला दोन पडले."

"जोडीला कसे पडतील? पेपर तर ऋचाने लिहिला."

"आन् तिच्या शेजारी कोण बसलं व्हतं? भूत?"

मी माझ्या पेशाला शोभेल असा मध्यम मार्ग सुचवला. "सरासरी काढा. दहा आणि दोन बारा, निम्मे सहा. कुणावरच अन्याय नाही."

सिस्टरांनी खडू खिशात टाकला. "ऋचाचे पप्पा, एकीला दहा पडले, एकीला दोन पडले. सहा कुणाला पडले?"

"दोघींना."

"सहा तर कुणालाच पडले नाय. खोटं लिहू का फळ्यावर?"

सरासरीवर माझं पोट चालतं. तिच्याविरुद्ध असा युक्तिवाद मी पूर्वी ऐकला नव्हता, आणि त्याचं उत्तर मला आजही नीट सापडलेलं नाही. "मग काय करायचं?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "तुमच्या लेकीला सांगा, घाई कर. शेजारणीला शिकव. माझ्याच्यानं येवढ्या पोरांना शिकवून व्हतंय व्हय?"

योजना वाईट नव्हती, हे मला प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. अनेक जोड्यांत ती चाललीही. मुलं मधल्या सुट्टीत एकमेकांचे पाढे घेत, झाडावर चढून घेत, डबा खाताना घेत. 'चार साते?'चं उत्तर दिल्याशिवाय लोणचं मिळत नसे. ऋचानेही पायलच्या मागे लागून तिला दोनावरून चारावर आणलं. पण चारावर गाडी अडली. फळ्यासमोर पालकांची गर्दी जमे, आणि कुणी ना कुणी मोठ्याने बोलून जाई, "या जोडीतली ती दुसरी पोरगी कोण?" पोरगी तिथेच दप्तर घेऊन उभी असे.

मग दसऱ्याच्या थोडं आधी एका शुक्रवारी फळ्यावर दिसलं: ऋचा-पायल, दहा. मी आनंदाने स्कूटर तिथूनच वळवून जिलेबी घ्यायची ठरवली. पुढच्या शुक्रवारी पुन्हा दहा. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही. जिलेबी आणली की ऋचा एक तुकडा खाऊन उठून जाई. आमच्या कामात एखादा भाग सारखा अगदी नेमक्या मापाचा येऊ लागला, तर आम्ही खूश होत नाही, मोजणारं यंत्र तपासतो. मी तिला जवळ बसवलं.

"काय गं, दहा पडले तरी तोंड का असं?"

"पायल आली नव्हती."

"आजारी आहे?"

"नाही. ती शुक्रवारी येतच नाही आता. ती म्हणते, मी नाही आले की तुला तुझे मिळतात."

हे खरं होतं. जोडीदार गैरहजर असला, तर हजर असलेल्याचे मार्क फळ्यावर जात. नियमातली ही फट वर्गातल्या कुठल्याच हुशार मुलाच्या लक्षात आली नव्हती. ती पायलला सापडली होती. त्या वर्षी तिने कुणाच्याही मदतीशिवाय सोडवलेलं हे पहिलं गणित असावं, आणि ते बिनचूक होतं.

सिस्टरांच्या हे कसं लक्षात आलं नाही, असं कुणी विचारेल. त्याचंही कारण त्यांच्या चांगुलपणातच होतं. दसरा-दिवाळीच्या दिवसांत झेंडू तोडायला घरातलं प्रत्येक माणूस लागतं, म्हणून फुलवाल्यांच्या मुलांना त्या काळात गैरहजेरीबद्दल त्या कधीच बोलत नसत. "लेकरू घरात कामाला हात लावतंय, त्याला काय रागवायचं?" शुक्रवारीच फुलं का तोडायची असतात, हा प्रश्न त्यांना पडला नाही.

पुढच्या शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी आणि ऋचा वर्गात थांबलो. सिस्टर एका शर्टाला बटण लावत बसल्या होत्या. मी जेवढं माहीत होतं तेवढंच सांगितलं, पदरचं काही घातलं नाही. त्यांनी दोरा दाताने तोडला. मग सुई खिशात टाकली आणि त्या उठल्या. 

"घर बघितलंय तुम्ही?"

"मखमलाबादच्या पुढे आहे म्हणतात. ऋचाला माहीत आहे."

"चला."

"आत्ता?"

"मंग काय मुहूर्त बघता?"

त्यांच्या मठाची रीत अशी, की सिस्टरांनी बाहेर एकटं जायचं नाही, बरोबर दुसरी सिस्टर हवी. माझ्या स्कूटरवर दोन सिस्टर आणि ऋचा मावणं शक्य नव्हतं. मी तसं म्हटलं. सिस्टरांनी ऋचाला पुढे उभं केलं, आपण मागे बसल्या आणि म्हणाल्या, "ही माझी जोडीदारीण. हाणा गाडी." रस्ताभर मागून सूचना चालू होत्या, खड्डा आला, म्हैस आली, हॉर्न द्या, हॉर्न कशाला देता, म्हैस बिचकंल. ट्रॅफिकच्या हवालदाराने आम्हाला बघून सलाम केला. तो त्यांचा जुना विद्यार्थी निघाला. सिस्टरांनी चालत्या गाडीवरून त्याला विचारलं, "तुझा जोडीदार काय करतो रं हल्ली?"

शेतात मायलेकी झेंडू तोडत होत्या. पायलने आम्हाला बघितलं आणि ती क्रेटच्या मागे खाली बसली. तिची आई कमरेचा पदर सोडत पुढे आली. तिचा चेहरा उतरला होता.

"या सिस्टर. काय झालं? पोरीनं काय केलं का?"

"पोरीनं नाय. म्या केलं," सिस्टर म्हणाल्या आणि बांधावर बसल्या.

आईला वाटलं, पोरीचं नाव शाळेतून काढायला आल्या. ती भराभर सांगू लागली, "आधी शुक्रवारी पोट दुखायचं तिचं. आता गुरवारी बी दुखतं. म्हणती, मला नाय जायचं त्या साळंत. हिचे पप्पा म्हणत्यात, नाय जमत तर राहू द्या, फुलं तोडंल. म्या म्हणते, दिवाळीपातूर बघू." म्हणजे मुदत ठरलेली होती. दिवाळीनंतर पायलची जागा बाकावर रिकामी राहणार होती. मला तोवर एवढंच ठाऊक होतं की शुक्रवार चुकतो.

सिस्टरांनी हाक मारली, "पायल." क्रेटमागून दोन डोळे वर आले.

"शुक्रवारी का येत नाय तू?"

"फुलं तोडायची असतात."

"फुलं बुधवारी नसत्यात?"

ऋचा जाऊन तिच्याजवळ बसली. दोघी मिळून एका झेंडूच्या पाकळ्या उपटू लागल्या. मग पायल खाली बघत म्हणाली, "ऋचाचे मार्क कापले जातात."

"कोण कापतं?"

पायलने बराच विचार केला. कुणाचं नाव घ्यावं, या पेचात ती पडलेली स्पष्ट दिसत होती. शेवटी म्हणाली, "फळा."

"आन् फळ्यावर लिहितं कोण?"

पायलने मान आणखी खाली घातली. 

"म्या लिहिते," सिस्टर म्हणाल्या. "मला वाटलं, असं लिहिलं म्हंजे तुझा हात तिच्या हातात ऱ्हाईल. तू तर हात सोडवून घरीच बसली. माझं चुकलं, पायल. येवढी वर्सं झाली शिकवते, आन् साफ चुकलं. सोमवारी ये. आन् शुक्रवारी बी ये. मी निराळं लिहीन."

आठ वर्षांच्या मुलीसमोर, तिच्या आईसमोर, एका पालकासमोर हे बोलताना त्यांचा आवाज जराही हलला नाही. मी कारखान्यात मोठमोठे साहेब पाहिले आहेत. चूक झाली तर ते यंत्राला दोष देतात, नाहीतर पुरवठादाराला. पायलच्या आईने पदराने डोळे पुसले आणि सिस्टरांच्या ओटीत दोन ओंजळी झेंडू टाकले. परतताना माझी स्कूटर देवाच्या मिरवणुकीसारखी दिसत होती.

सोमवारी नवा नियम जाहीर झाला. मला वाटलं होतं, आता प्रत्येकाला ज्याचे त्याचे मार्क मिळतील. छे. सिस्टरांनी जोडी मोडली नाहीच. यापुढे दोघांत ज्याचे जास्त, तेच दोघांचे. मी पुन्हा वर्गात गेलो.

"सिस्टर, आधी चूक खालच्या अंगाला होती, आता वरच्या अंगाला झाली. चूक तेवढीच आहे."

"तेवढीच आसंल. पण हिच्यानं कुणाचं पोट दुखत नाय."

इतर पालक मात्र खवळले. एक ठेकेदार गृहस्थ गेटवर तावातावाने म्हणाले, "आमच्या पोराने मेहनत करायची आणि दुसऱ्याने फुकट मार्क खायचे?" सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या पोराचे दहाचे दहाच हायेत की. त्यातून एक तरी गेला का?" ठेकेदार हिशेबाला पक्के; बोटांवर मोजत मोजत ते गाडीकडे गेले. शाळेच्या खऱ्या प्रगतीपुस्तकात अर्थातच ज्याचे त्याचेच मार्क जात होते, हे आम्हाला नंतर कळलं. त्या फळ्यावरच्या आकड्याला सरकारदरबारी काडीचीही किंमत नव्हती. आम्ही एवढी मोठी माणसं वर्षभर एका बिनकिमतीच्या आकड्यावर भांडत होतो.

हा नियम चमत्कार घडवून गेला असं मी लिहिणार नाही. एक मुलगा जोडीदाराच्या दहावर वर्षभर निवांत झोपला. पायल मात्र शुक्रवारी येऊ लागली. गुरुवारचं पोट आधी थांबलं, मग शुक्रवारचं. दिवाळी झाली आणि ती बाकावर होती. पाढे हळूहळू येत होते, अडखळत. फळ्यावर त्या जोडीपुढे दहा लागत, ते ऋचाचे असत. पायल ते दहा दुरून बघायची, दुसऱ्याच्या दारातली रांगोळी बघावी तशी. पाय पडणार नाही अशा बेताने.

वर्ष संपत आलं तेव्हा ऋचाला ताप आला आणि नेमका शुक्रवार चुकला. संध्याकाळी आमच्या दारात झेंडूचे क्रेट घेतलेला टेम्पो थांबला. पायलचे वडील बाजारात निघाले होते. ते खाली थांबले आणि पायल एकटी जिना चढून वर आली. युनिफॉर्म तसाच. मी दार उघडलं. ती धापा टाकत होती.

"काका, आपल्याला सात पडले."

मला क्षणभर समजलंच नाही. "कुणाला?"

"आपल्याला. ऋचाला आणि मला. फळ्यावर लिहिलंय. ऋचा नव्हती ना, मग माझेच लिहिले." आणि मग जरा घाबरून, "चालतील का?"

दहापैकी सात. आमच्या खात्यात हा माल थेट लाल पेटीत जातो. मी म्हणालो, "चालतील की. आत ये."

ऋचा पांघरुणातून बाहेर आली. "कुठलं चुकलं?"

"आठ साते. आणि नऊ सहा. आणि एक स्पेलिंग."

"आठ साते मला पण नाही येत," ऋचा म्हणाली. हे धडधडीत खोटं होतं. मी दुरुस्त केलं नाही. बायकोने दोघींना शिरा दिला आणि खालून हॉर्न वाजेपर्यंत त्या पलंगावर बसून आठ साते किती यावर वाद घालत होत्या.

सोमवारी मी सिस्टरांना हे सांगितलं. त्या ऐकून घेत होत्या आणि हाताने कुणाच्या तरी दप्तराचा तुटलेला पट्टा शिवत होत्या. 'आपल्याला' हा शब्द आला तेव्हा सुई थांबली. "आसं म्हणली?" त्यांनी विचारलं. मग पुन्हा विचारलं, "आपल्यालाच म्हणली ना? तुम्ही पदरचं नाय ना घातलं?" मी पदरचं घालत नाही, हे त्यांना माहीत होतं. तरी दोनदा विचारलं.

मे महिन्यात त्यांची बदली झाली. त्यांच्या संस्थेत बदलीचा हुकूम आला की का म्हणून विचारायचं नसतं, बॅग भरायची. वयस्कर सिस्टर राहतात अशा नगरकडच्या एका घरी त्यांना पाठवलं. शाळेला सुट्टी होती, त्यामुळे निरोप समारंभ वगैरे झाला नाही. जूनमध्ये आम्ही गेलो तर वर्गाबाहेरचा फळा काढून टाकला होता आणि मार्क मोबाईलवर येऊ लागले होते. ज्याचे त्याला, दशांशापर्यंत अचूक. मी नेहमी मागत होतो तेच. ते वाचायला मला आता मोबाईल उघडायची आठवणही राहत नाही.

ऋचा आणि पायल आता आठवीत आहेत, वेगवेगळ्या तुकड्यांत. पूर्वीसारख्या भेटत नाहीत. भांडल्या नाहीत, मुलं मोठी होतात तशा झाल्या. पायल वर्गात मधल्या नंबरांत असते. गणितात अजून अडखळते, मराठीत चांगली आहे.

मागच्या महिन्यात सिस्टरांचा फोन आला. आवाज तसाच, कानापासून फोन लांब धरावा लागला. म्हणाल्या, "इथं माझ्या खोलीत एक सिस्टर हाय. तिला आयकू येत नाय, मला दिसत नाय. दोघींचं मिळून एक माणूस बरं चाललंय." मग ऋचाची चौकशी झाली, तिच्या आईची झाली, माझ्या स्कूटरची झाली.  

"ऋचाचे पप्पा, पायल शाळेत जाते ना?"

"जाते, सिस्टर. मला बसस्टॉपवर दिसते."

"शुक्रवारी बी?"

मी आठवून बघितलं. मला खात्री असल्याशिवाय मी बोलत नाही.

"शुक्रवारी पण," मी म्हणालो.

पलीकडे त्यांनी ते वाक्य खोलीतल्या त्या ऐकू न येणाऱ्या सिस्टरला मोठ्याने ओरडून सांगितलं. एकदा सांगितलं, तिला कळलं नाही, म्हणून पुन्हा सांगितलं. तिला कळेपर्यंत त्या सांगत राहिल्या आणि मी फोन धरून उभा राहिलो.